काळीची मोजणी, पांढरीची मोजणी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात. जेथे घरे, देवळे आणि पार असतात ती पांढरी, आणि जेथे पीक उभे राहते ती काळी. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांचा इतिहास या दोन शब्दांत सामावलेला आहे. पूर्वज आले, त्यांनी पांढरीत घर बांधले आणि काळीत नांगर घातला. या काळीची शास्त्रशुद्ध मोजणी होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. पांढरीची पाळी मात्र आता आली. गेल्या काही वर्षांत मध्यप्रदेशातील खेड्यांच्या गल्ल्यांतून चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या आणि वर ड्रोन घोंगावू लागले, तेव्हा अनेकांनी आम्हांस विचारले, ‘आता जुन्या नकाशांचे काय काम?’ महसुलाच्या नोकरीत आयुष्य गेलेले असल्याने हा प्रश्न आमच्याकडे येणे साहजिक होते. प्रस्तुत लेख हे त्याचे थोडे सविस्तर उत्तर होय.

मोजणी नव्हती तेव्हा जमीन सांगण्याची रीत निराळी होती. आमच्या लहानपणीही वडीलधारी मंडळी एकर सांगत नसत. ‘दोन औतांची शेती’, ‘चार पायली पेऱ्याचे वावर’ असे शब्द त्यांच्या तोंडी असत. बैल दिवसभरात किती वाहील आणि बियाणे किती लागेल, या अनुभवावर ते माप उभे होते. त्यात जमिनीचा कसही आपोआप येई. भारी काळीतले एक औत आणि खरडी-बरडीतले एक औत सारखे नव्हे, हे प्रत्येकास ठाऊक असे. उणीव एवढीच, की हे माप शेजाऱ्याच्या मापाशी ताडून पाहता येत नसे. धुऱ्याचा तंटा उभा राहिला की गावातील वृद्धांची आठवण हाच पुरावा.

सर्वांस सारखे लागू पडेल असे माप बसवण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. अकबराच्या काळी दोरीने जमीन मोजत. ती दोरी भिजली की आखडे, वाळली की सैल होई आणि रयतेचे वा सरकारचे नुकसान होई. म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब प्रचारात आणण्यात आली. शिवाजीमहाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे ते कोष्टक होते. आपला मुलूख स्वराज्यात नव्हता. तो देवगडच्या गोंड राजांचा आणि त्यांच्यामागून नागपूरकर भोसल्यांचा. ‘काठी’ हा शब्द मात्र मराठी माणसाबरोबर सर्वत्र फिरला.

तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यापूर्वीच आपल्या भागाजवळून मोजणीची एक मोठी मोहीम गेली होती. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा पोलादी साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजली. त्या रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, अशी साखळी तो उत्तरेकडे नेत राहिला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. डोंगर चढून कोन मोजायचे, नद्या व जंगले गणिताने ओलांडायची, ही त्या कामाची युक्ती होती. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. वीस वर्षे हे काम करून लॅम्टन नागपूरकडे निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. नकाशा उघडून पाहिल्यास हिंगणघाट आणि सौंसर ही दोन गावे जवळजवळ एकाच रेखांशावर, सरळ अंतराने सुमारे १२० किलोमीटरवर दिसतील. लॅम्टनचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने सातपुडा ओलांडून आजच्या मध्यप्रदेशातील सिरोंजपर्यंत आणि तेथून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. हिमालयातील सर्वोच्च शिखरास ज्याचे नाव मिळाले, तोच हा एव्हरेस्ट.

या त्रिकोणांचा आपल्या वावराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की अशा पक्क्या आधाराशिवाय काढलेला नकाशा म्हणजे खुंटी नसलेल्या भिंतीवर टांगलेले चित्र. मध्य प्रांत १८६१ साली अस्तित्वात आला आणि त्या दशकात तीस वर्षांच्या पहिल्या जमाबंदीचे काम झाले. तेव्हा मुख्य प्रश्न मालकीचा होता. भोसल्यांच्या काळी गावचा वसूल भरणाऱ्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क देण्यात आले आणि सीर, खुदकाश्त, मालिक मकबुजा हे शब्द आपल्या घराघरांत आले. मोजणीत शास्त्र आले ते मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुसऱ्या जमाबंदीत. सर्वेक्षणाच्या व्यावसायिक पथकांनी गावाच्या शिवेवरून ट्रॅव्हर्स घातले, म्हणजे एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर आणि दिशा मोजत गावाला पूर्ण वळसा घातला. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथे दगड रोवले. गावाची बाह्यरेषा अशी पक्की झाल्यावर आतील एकेक वावर भरण्याचे काम पटवाऱ्यांनी केले. १६ इंचांस एक मैल या प्रमाणाचे ते नकाशे. आज आपल्या हाती येणाऱ्या नकाशाच्या नकलेचे मूळ बहुधा तेथेच असते.

हे काम कसे चाले, ते आम्ही १९८० च्या दशकात, नोकरीच्या आरंभीच्या प्रशिक्षणात स्वतः शिकलो. शिकवणारे एक वृद्ध पटवारी होते. पदाने आम्ही वरचे, पण त्या मैदानात ते आमचे गुरुजी. पहिल्या दिवशी त्यांनी जरीब आमच्या हाती दिली. ६६ फुटांची ही साखळी, तिच्या १०० कड्या. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली ही लांबी ठरवली, ती हिशेबाच्या सोयीसाठी. दहा चौरस जरीब म्हणजे बरोबर एक एकर, आणि १,००० चौरस कड्या म्हणजे एक डिसमिल. गुणाकार केला आणि दशांशचिन्ह सरकवले की क्षेत्रफळ तयार. पुढचा गडी साखळी ताणून दहा लोखंडी सुयांपैकी एक जमिनीत रोवी, मागचा ती उचलून घेई. मागच्याच्या हाती दहा सुया जमल्या की ६६० फूट झाले. साखळी उंचसखल जमिनीवर पसरू द्यायची नाही, ती आडवी ताणून धरायची आणि टोकावरून ओळंबा सोडायचा, हे गुरुजींनी पुन्हा पुन्हा करून घेतले.

वाकड्यातिकड्या वावराचे क्षेत्रफळ काढण्याची रीतही साधी होती. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजायचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्यावर लंब टाकायचे. काटकोन साधण्यासाठी क्रॉस स्टाफ असे, म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेला, काटकोनात चिरा पाडलेला ठोकळा. समजा कर्ण सहा जरीब आणि लंब दोन व तीन जरीब निघाले, तर पाचास सहाने गुणून निम्मे करायचे. पंधरा चौरस जरीब, म्हणजे दीड एकर, म्हणजे १५० डिसमिल, आजच्या हिशेबाने ०.६०७ हेक्टर. मग गुनिया या छोट्या पट्टीने तेच माप कागदावर उतरवायचे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी हा प्रयोग अंगणात दोरी घेऊन अवश्य करावा. भूमितीचे पुस्तक जमिनीवर उतरलेले पाहून मुलांना आनंद होतो.

साखळीचे दोषही गुरुजींनी दाखवले. रोजच्या ओढाताणीने कड्यांची तोंडे फाकतात आणि जरीब लांबते. ती एका कडीने लांबली तर दहा एकरांचे वावर कागदावर सुमारे वीस डिसमिल कमी भरते. कोणी चोरी केलेली नसते, पण वीस डिसमिल गेलेले असतात. म्हणून रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पक्क्या मापाशी जरीब ताडून पाहावी असा नियम होता. गुरुजींचा दुसरा नियम याहून मोठा. ते म्हणत, ‘साहेब, एका गोट्यावर भरवसा ठेवू नका. तीन ठिकाणांहून एकच जागा आली पाहिजे, तेव्हा ती खरी.’ मोजणीच्या आधारासाठी गावात रोवलेल्या पक्क्या दगडास आपल्याकडे ‘चांदा’ म्हणतात. तीन चांद्यांवरून ताडा घेतल्याखेरीज धुरा दाखवायचा नाही, हा त्या सांगण्याचा अर्थ.

तो नियम आम्ही एकदा मोडला. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. आपल्याच भागातील एका गावी दोन शेजाऱ्यांच्या धुऱ्याचे सीमांकन करावयाचे होते. ऊन चढले होते. एक चांदा रस्त्याकडेला सहज सापडला. दुसरा झुडपांत होता, तिसरा शोधावा लागणार होता. आम्ही पहिल्यावरूनच मोजणी सुरू केली. शेजारच्या घरची एक वृद्ध बाई काठी टेकत आली आणि म्हणाली, ‘साहेब, हा गोटा इथचा नोहे. आमच्या मामंजीच्या वक्ती तो बाभळीखाली होता.’ आम्ही तरुणपणाच्या तोऱ्यात उत्तर दिले, ‘आजी, नकाशा खोटं बोलत नाही.’ मोजणी पुरी झाली, पंचनाम्यावर सह्या झाल्या. धुऱ्याकाठची सात संत्र्यांची झाडे शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. पुढच्याच आठवड्यात ती तोडली गेली.

त्या बाईच्या मुलाने हरकत घेतली. तीन महिन्यांनी आम्हांसच पुन्हा जावे लागले. या वेळी गुरुजी बरोबर होते. त्यांनी झुडपांतला चांदा मोकळा करवला, तिसरा एका जुन्या विहिरीच्या मापावरून शोधून काढला, आणि दोहोंवरून ताडा घेतला. पहिला दगड १४ कड्या सरकलेला निघाला. बैलगाडीची वाट रुंद करताना कोणी तरी तो उपटून बाजूस रोवला होता. १४ कड्या म्हणजे नऊ फुटांहून अधिक. नकाशा खोटे बोलला नव्हता. दगड बोलला होता, आणि त्याला ओळखणारी एकमेव साक्षीदार आमच्यासमोर उभी असता आम्ही तिचे ऐकले नव्हते. धुरा जागेवर आला, पण फळावर आलेली झाडे परत आली नाहीत, आणि त्या दोन घरांचा एकमेकांकडे जाणे-येण्याचा संबंधही. आम्ही त्या आजींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘झाडं पुन्हा लागतील, साहेब.’ त्यावर आम्हांस बोलता आले नाही.

या घटनेनंतर नकाशाच्या मर्यादेचा आम्ही बारकाईने विचार करू लागलो. १६ इंचांस मैल या प्रमाणात नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ३३० फूट, बरोबर पाच जरीब. पेन्सिलीच्या रेघेची जाडी इंचाचा शंभरावा भाग धरली तर ती एकटी रेघ जमिनीवर तीन फुटांहून अधिक रुंद होते. कागद दमट हवेत फुगतो, उन्हाळ्यात आखडतो, आणि नकलेची नक्कल करताना हात थोडा हलतो, हे निराळेच. आपल्या भागातील धुऱ्याचे बहुतेक वाद दीड-दोन फुटांचे असतात. जो वाद पेन्सिलीच्या रेघेतच मावतो तो त्या नकाशाने कसा मिटावा? तेथे चांदे, जुनी झाडे, विहिरी, पांधणी आणि दोन्ही बाजूंची संमती यांचाच आधार घ्यावा लागतो. हे न समजल्याने भावाभावांनी वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

मधल्या काळात राज्ये आणि कायदे बदलले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. २ ऑक्टोबर १९५९ पासून मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता लागू झाली आणि जुन्या मालक-कुळांच्या जागी ‘भूमिस्वामी’ हा शब्द आला. सोयरीक मात्र सीमा मानत नाही. वरूडची सून आपल्या घरी सातबारा, फेरफार, गुंठे बोलते, तर आपण खसरा, नामांतरण, डिसमिल बोलतो. त्यामागेही मोजणीचाच इतिहास आहे. वरूड जुन्या वऱ्हाडातले. तेथे मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत गेली, म्हणून ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी आणि ४० गुंठ्यांचा एकर. काटोल-नरखेड मात्र आपल्यासारखेच मध्य प्रांतातले, त्यामुळे तेथील जुने कागद आपल्या कागदांशी अधिक मिळतात. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्ह्याचे नाव पुन्हा बदलले, वावराचे कोपरे जेथल्या तेथे आहेत.

आता नव्या साधनांकडे वळू. आज मोजणीदार पाठीवर जरीब न घेता हाती रोव्हर नावाची काठी घेऊन येतो. तिच्या टोकावरील यंत्र आकाशातील अनेक उपग्रहांचे संदेश एकाच वेळी घेते. साध्या मोबाइललाही हे संदेश मिळतात, पण वातावरणातून येताना त्यांत दोष शिरतात आणि जागा काही मीटरांनी चुकते. म्हणून मोबाइलवर वावराचा कोपरा पाहून कोणीही धुरा उकरू नये. हा दोष घालवण्याची युक्ती जुन्या चांद्याचीच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने ठिकठिकाणी कायमची संदर्भ केंद्रे उभारली आहेत, त्यांना ‘कोर्स’ म्हणतात. केंद्राची जागा आधीच अचूक ठाऊक असते. उपग्रहावरून येणारे उत्तर त्या जागेशी ताडून दोष किती हे केंद्र क्षणोक्षणी काढते आणि रोव्हरला कळवते. त्यामुळे रोव्हर काही सेंटिमीटरांपर्यंत जागा सांगू शकतो. कोर्स म्हणजे न सरकणारा चांदा, असे म्हणावयास हरकत नाही.

पांढरीच्या मोजणीत हीच पद्धत ड्रोनला जोडलेली आहे. आपल्या महसुली कागदांत आबादी हा बहुधा एकच खसरा क्रमांक असे, आत कोणाचे घर कोठवर याची नोंद नसे. वाड्याची भिंत पडली की तंटा ठरलेला. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि आरंभीच्या राज्यांत मध्यप्रदेशही होता. आधी घरमालकांच्या समक्ष प्रत्येक घरवाड्याभोवती चुन्याची रेघ ओढतात. ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, त्यांतून नकाशा तयार होतो, तो गावात पडताळला जातो, हरकती ऐकल्या जातात आणि मग अधिकार अभिलेख बनतो. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ड्रोन फक्त चुन्याची रेघ पाहतो. रेघ कोठे ओढावी हे त्याला कळत नाही. ती जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांनी ठरवायची असते. गाव सोडून नागपूर, भोपाळ, पुणे येथे स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांतील कोणी त्या दिवशी हजर नसेल, तर रेघ शेजारी सांगेल तेथे पडते.

काळीच्या बाबतीतही हेच. रोव्हर तुम्ही कोठे उभे आहात हे दोन बोटांच्या अंतरापर्यंत सांगतो. तुमचा धुरा कोठे आहे हे तो सांगत नाही. ते सांगतो शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा, आणि त्या नकाशाला आजच्या जमिनीवर नेमके बसवायचे तर दोहोंत सापडणाऱ्या जुन्या खुणा लागतात. चांदे, शिवेवरचे दगड, जुन्या विहिरी, देवळे. खुणा जितक्या उरल्या असतील तितका नकाशा नीट बसेल. त्या नाहीशा झाल्या तर सेंटिमीटरचे यंत्रही आम्ही त्या दुपारी केली तीच चूक करील, फक्त अधिक झपाट्याने. आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे असे आहे. नव्या यंत्रांनी जुन्या नकाशाचे आणि जुन्या दगडांचे काम वाढवले आहे.

तेव्हा सुचवावेसे वाटते ते थोडके आहे. आपल्या वावराची खसरा-नक्कल आणि नकाशा प्रत्येक घराने काढून ठेवावा आणि एका तरी तरुणास तो वाचावयास शिकवावा. संगणकावर नकाशे हाताळण्याचे क्यूजीआयएस हे साधन विनामूल्य मिळते, आणि आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा अभ्यासक्रमही असतो. आपल्या मुलांनी हे शिकण्यात कमीपणा नाही. धुऱ्याची शंका असल्यास संहितेच्या कलम १२९ अन्वये तहसीलदाराकडे सीमांकनाचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसास सोबत न्यावे. चांदा वाटेत आला म्हणून उपटू नये. तो कायद्यानेही गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याइतकेच आपलेही नुकसान आहे.

उन्हाळ्यात पिके निघून वावरे मोकळी झाली की आम्ही दरवर्षी नातवंडांना घेऊन आमच्या शेताच्या धुऱ्याने फिरतो. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून दगड दाखवतो. पहिल्या वर्षी मुले कंटाळली. गेल्या वर्षी धाकट्या नातीने स्वतः काटेरी झुडूप बाजूस सारून चौथा दगड दाखवला आणि विचारले, ‘आजोबा, हा इथलाच ना?’ आम्ही लगेच होय म्हटले नाही. तिला घेऊन उरलेल्या तीन दगडांवरून ताडा घेतला, आणि मगच होय म्हटले.